बोळवण : नामदेवांच्या समाधिप्रकरणातील सख्यविरह

नामदेवांच्या नावावर असलेल्या अभंगरचनेत ‘आदि’, ‘तीर्थावळी’ आणि ‘समाधी’ ही तीन प्रकरणे ज्ञानदेवांच्या चरित्राची म्हणून ओळखली जातात. ज्ञानदेवादी भावंडांची पूर्वपीठिका, ज्ञानदेव-नामदेवांची तीर्थयात्रा आणि शके १२१८ (इ. स. १२९६) मधील कार्तिक वद्य त्रयोदशीस आळंदी येथे झालेली ज्ञानदेवांची समाधी असा त्यांचा क्रम आहे. मराठीतील आद्य चरित्रकार हा मान नामदेवांना मुख्यतः याच प्रकरणांमुळे दिला जातो. साहजिकच या अभंगांना विचारले गेलेले प्रश्नही बव्हंशी चरित्रविषयक आहेत. तिथी जुळते काय, प्रवासाचा मार्ग कोणता, समाधीप्रसंगी कोण कोण उपस्थित होते, असे त्यांचे स्वरूप आहे. हे प्रश्न अगत्याचे होते आणि आजही आहेत. मात्र त्यांच्या गर्दीत एक साधी गोष्ट मागे पडली. हे चरित्र सांगणारा चरित्रनायकाचा मित्र आहे. परंपरेने मानलेली जन्मवर्षे ग्राह्य धरली, तर समाधीच्या वेळी ज्ञानदेव २१ वर्षांचे आणि नामदेव २६ वर्षांचे होते. पाच वर्षांनी वडील असलेल्या मित्राने धाकट्याला जाताना पाहिले, आणि पाहिलेले सांगितले. समाधिप्रकरण हे चरित्रसाधन तर आहेच. परंतु त्याआधी ते मित्रशोकाचे काव्य आहे, आणि तसे वाचल्याखेरीज त्यातील कित्येक तपशिलांचा अर्थ लागत नाही.

येथे कर्तृत्वाचा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. नामदेवांची गाथा शतकानुशतके कीर्तनकारांच्या मुखी राहिली. तीत इतरांच्या रचना मिसळल्या, ‘विष्णुदास नामा’ या मुद्रेने लिहिणाऱ्या उत्तरकालीन कवीचे अभंगही तीत आले. समाधिप्रकरणातच एक अडचण उभी राहते. समाधीची जागा झाडून स्वच्छ करण्याचे काम नारा, विठा, गोंदा आणि महादा हे नामदेवांचे चार पुत्र करतात असे तेथे वर्णन आहे. २६ वर्षांच्या पित्याचे चार पुत्र अशा कामास हाती यावेत हे कालगणनेशी जुळवणे कठीण आहे. प्रकरणाचा आजचा आकार उत्तरकाळाने घडवला असावा, हा तर्क त्यामुळे बळावतो. ख्रिश्चन ली नोवेत्झके यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नामदेव या नावाभोवती उभी राहिलेली सामूहिक स्मृती आणि कीर्तनपरंपरेचे तिच्या घडणीतील स्थान यांची विस्तृत मांडणी केली आहे. ती मान्य केली, तरी प्रस्तुत विषयाचे महत्त्व उणावत नाही. उलट ते वाढते. मित्राने मित्राला कसे जाऊ द्यावे, याचा विचार मग एका कवीपुरता राहत नाही. तो पिढ्यान्पिढ्या गाणाऱ्या आणि ऐकणाऱ्या समाजाचा होतो. या लेखात ‘नामदेव’ म्हणजे त्या अभंगांत बोलणारा आणि वावरणारा नामदेव, एवढेच अभिप्रेत आहे.

या शोकाला रसव्यवस्थेत कोठे बसवावे? समाधीच्या अभंगांना करुणरसाचा नमुना म्हणण्याची पद्धत आहे. ती सोयीची असली तरी अचूक नाही. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताने करुण आणि विप्रलंभ यांत केलेला भेद प्रसिद्ध आहे. करुण निरपेक्ष असतो, कारण पुनर्भेटीची आशा तेथे संपलेली असते. विप्रलंभ सापेक्ष असतो, कारण विरह असला तरी भेटीची अपेक्षा शिल्लक असते. संजीवन समाधी या दोहोंच्या मधली आहे. ज्ञानदेव मरण पावलेले नाहीत. आळंदीच्या त्या विवरात ते बसलेले आहेत, आणि चंद्रसूर्य असेतो ही समाधी स्थिर राहील असे आश्वासन खुद्द देवाने दिलेले आहे. पण ते पुन्हा उठून पंढरीच्या वाळवंटात येणार नाहीत, नामदेवांच्या शेजारी चालणार नाहीत, बोलणार नाहीत. शोक करावा तर मृत्यू नाही, आणि वाट पाहावी तर भेट नाही. मृत्यूनंतरच्या शोकाला निदान विधींचा आधार असतो. दहावे-तेराव्याच्या चौकटीत तो काही काळ धरून ठेवला जातो. येथे ती चौकटही उपलब्ध नाही. काव्याला ती स्वतःच उभारावी लागते.

ती कशी उभारली गेली हे पाहण्यासाठी आधी तीर्थावळीकडे वळणे आवश्यक आहे. समाधिप्रकरण स्वतंत्रपणे वाचण्याची जी प्रथा पडली, तिच्यामुळे दोन्हींतील अन्वय नजरेआड झाला. तीर्थावळीत विरह आहे, परंतु भूमिका वेगळ्या आहेत. ज्ञानदेव नामदेवांना तीर्थयात्रेस बोलावतात, आणि नामदेव पंढरी सोडण्यास तयार नाहीत. अखेर विठ्ठलच त्यांना जाण्यास सांगतो, ज्ञानदेवांच्या स्वाधीन करतो, त्यांना सांभाळण्याची विनवणी करतो. आणि मग मागे राहिलेला देव रुक्मिणीपाशी नामदेवाच्या आठवणीने व्याकूळ होतो. भक्त देवासाठी झुरतो हे भक्तिकाव्याला नवे नाही. मागे राहण्याचे दुःख देवाच्या वाट्यास देणे, ही नामदेवांच्या प्रकृतीची खूण आहे. आपल्या माणसाला दुसऱ्याच्या हाती सोपवून घरी परतणाऱ्याची अवस्था काय होते, हे तीर्थावळीत प्रथम देव अनुभवतो.

या यात्रेत दोघांच्या सख्याचे जे चित्र येते तेही नोंदवण्याजोगे आहे. मरुभूमीतील कोरड्या विहिरीचा प्रसंग सर्वश्रुत आहे. ज्ञानदेव लघिमा सिद्धीने खाली उतरून पाणी पितात. नामदेव विठ्ठलाचा धावा करतात आणि विहीर उसळून वाहू लागते. ज्ञान आणि भक्ती यांच्या चढाओढीचा दृष्टान्त म्हणून तो सांगितला जातो, आणि सांप्रदायिक निरूपणात बहुधा भक्तीच्या पारड्यात माप टाकून तो संपवला जातो. त्याहून अर्थपूर्ण आहेत ते वाटेवरचे संवाद. ज्ञानेश्वरी सांगून झालेला विद्वान शिंपियाच्या घरी जन्मलेल्या सोबत्याला भजनाची रीत विचारतो, आणि मन लावून ऐकतो. त्या सख्याचा गाभा या विचारण्यात आणि ऐकण्यात आहे. समाधीने हिरावून नेले ते हेच.

समाधिप्रकरणात शोकाच्या उद्गारांपेक्षा कामे अधिक आहेत. पंढरीची कार्तिकी आटोपून देव, संत आणि भावंडे आळंदीस येतात. समाधीची जागा पाहिली जाते, झाडली जाते, आसन सिद्ध होते. वर्ष, संवत्सर, मास, तिथी, वार यांची नोंद एखाद्या दस्तऐवजासारखी केली जाते. ज्ञानदेवांचे एका बाजूने देव आणि दुसऱ्या बाजूने निवृत्तिनाथ हात धरतात व त्यांना आसनावर नेऊन बसवतात. पुढे ज्ञानेश्वरी ठेवली जाते. ज्ञानदेव तीन वेळा हात जोडतात आणि डोळे मिटतात. मग निवृत्तिनाथ बाहेर येतात आणि दारावर शिळा लावतात. इतका हा तपशील साधा आहे. अलंकरणाला येथे वाव असूनही ते टाळलेले दिसते.

या तपशिलांच्या मालिकेला मराठी लोकजीवनात एक नेमका शब्द आहे : बोळवण. सासरी निघालेल्या लेकीची, परत जाणाऱ्या पाहुण्याची, गौरींची आपण बोळवण करतो. बोळवण म्हणजे केवळ निरोप देणे नव्हे. जाणाऱ्याबरोबर काही पावले चालणे, वेशीपर्यंत जाणे, हाती शिदोरी देणे आणि मग आपण होऊन थांबणे, हे सारे तिच्यात येते. थांबण्याची जागा ठरलेली असते; तिच्यापुढे जायचे नसते. आळंदीच्या त्या प्रसंगात देव आणि निवृत्तिनाथ हात धरून आसनापर्यंत जातात ते वेशीपर्यंत जाण्यासारखेच आहे, पुढे ठेवलेली ज्ञानेश्वरी ही त्या प्रवासाची शिदोरी आहे, आणि निवृत्तिनाथांचे बाहेर येणे हे थांबणे आहे. शोक आवरण्याचा उपदेश या कृतींत कोठेच नाही. प्रत्येकाला एक काम दिलेले आहे. मुले झाडतात, भाऊ हात धरतो, देव सोबत चालतो. जाऊ देणे ही येथे मनाची एक अवस्था नसून हातांनी करावयाच्या कामांची एक रांग आहे, आणि तिच्यातील शेवटचे काम शिळा लावण्याचे आहे.

ती शिळा निवृत्तिनाथांनी लावावी, हा योग सर्वाधिक विचार करावयास लावणारा आहे. निवृत्तिनाथ हे थोरले बंधू, तसेच गुरू. गहिनीनाथांकडून आलेले नाथपंथाचे ज्ञान त्यांनीच ज्ञानदेवांना दिले. ज्याने देहाच्या मिथ्यात्वाचा बोध दिला त्याने शिष्याच्या देहत्यागाने विचलित होऊ नये, अशी वाचकाची अपेक्षा असते. प्रत्यक्षात या प्रकरणातील सर्वांत अनावर शोक निवृत्तिनाथांचाच आहे. त्यांच्या दुःखासाठी योजलेल्या प्रतिमा वेदान्तग्रंथांतल्या नाहीत, शेतशिवारातल्या आहेत. भरलेल्या तळ्याचा बांध फुटून पाणी वाट मिळेल तिकडे धावते. गवताच्या पेंढीचा बंध सुटून काड्या माळावर उधळतात. आई नाहीशी झाल्यावर पाडसे सैरावैरा होतात. या तिन्ही प्रतिमांत एक साम्य आहे. नष्ट झालेली वस्तू त्यांत दाखवलेली नाही. पाणी आहे, गवत आहे, पाडसे आहेत. नाहीसे झाले आहे ते त्यांना एकत्र धरणारे काहीतरी. मागे राहिलेल्यांचे विखुरणे हाच या शोकाचा विषय आहे. आणि त्याच ओघात निवृत्तिनाथ म्हणतात की आईबाप आम्हांला सोडून गेले तेव्हाही असे संकट वाटले नव्हते. मातापित्यांच्या देहान्त प्रायश्चित्ताची कथा ज्यांना ठाऊक आहे त्यांना या तुलनेचे वजन निराळे सांगावयास नको. लहानपणी पोरके झालेला मोठा भाऊ आता प्रथमच पोरका झाला आहे.

हे सारे नामदेव सांगतात. पण त्यांचे स्वतःचे काय? त्यांचा शोक या प्रकरणात नाही असे नव्हे. परंतु त्याला दिलेली जागा पाहण्यासारखी आहे. अभंगामागून अभंग निवृत्तिनाथांचे, मुक्ताईचे, सोपानाचे, संतमेळ्याचे, खुद्द देवाचे अश्रू सांगण्यात खर्ची पडतात आणि ‘नामा’ बहुधा शेवटच्या चरणातील मुद्रेत येतो. तेथे तो कधी इतरांच्या डोळ्यांना लागलेल्या पदरांची नोंद करतो, कधी सूर्य मावळल्याचे सांगतो. नाममुद्रा हा अभंगाचा रूढ संकेत आहे, तेव्हा त्यावर अधिक भार घालणे योग्य नाही, असा आक्षेप घेता येईल. तो काही अंशी खराही आहे. तथापि संकेताचा वापर कोणी कसा केला हे पाहणे हेच समीक्षेचे काम असते. विठ्ठलाशी भांडणारा, त्याच्यावर रुसणारा, आपली तळमळ उघडपणे मांडणारा नामदेव गाथेत अन्यत्र विपुल आहे. बोलक्या स्वभावाचा हा कवी मित्राच्या प्रयाणप्रसंगी आपल्याला अभंगाच्या उंबऱ्यावर उभे करतो आणि आतली जागा भावंडांना देतो. दुःखाच्या घरी मित्राचे स्थान नेमके कोणते, याची जाण या योजनेत आहे. रक्ताच्या नात्याला शोकात पहिला मान असतो. मित्राला नाते सांगता येत नाही, आणि त्याचे दुःख मात्र उणे नसते. ज्ञानदेवांसाठी नामदेव योजतात ते शब्दही याच अडचणीतून आलेले असावेत. पाच वर्षांनी लहान असलेल्या मित्राला ते पितृवाचक आणि राजवाचक संबोधने वापरतात. त्यांच्याच घरच्या जनाबाईने ज्ञानदेवांना सरळ ‘सखा’ म्हटले, हे या पार्श्वभूमीवर विशेष वाटते.

नामदेवांच्या या हळवेपणाकडे परंपरेने नेहमीच आदराने पाहिले असे म्हणता येत नाही. गोरा कुंभाराने थापटणे घेऊन संतांची डोकी तपासली आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवले, ही कथा सर्वांना माहीत आहे. पुढे औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांकडून त्यांना सर्वव्यापी देवाचा बोध झाला असे तीत सांगतात. या कथेचा धागा पकडून समाधीप्रसंगीचा शोक हाही कच्चेपणाचाच अवशेष होय, असे सुचवणारे निरूपण अधूनमधून ऐकू येते. ज्ञान्याला कसला शोक, असा त्याचा रोख असतो. हे निरूपण मजकुराला धरून नाही. मडके कच्चे म्हणावे तर निवृत्तिनाथांचेही म्हणावे लागेल, आणि अश्रू ढाळणाऱ्या देवाचेही. समाधिप्रकरणात कोरड्या डोळ्यांनी आहेत ते एकटे ज्ञानदेव. त्यांची स्थिरता आणि इतरांची व्याकुळता यांना काव्याने एकमेकांसमोर उभे केले आहे, पण दोहोंत निवाडा केलेला नाही. जाणाऱ्याला जे साधले ते राहणाऱ्यांना साधले पाहिजे, अशी अट त्याने घातलेली नाही.

या ठिकाणी ज्ञानदेवांच्याच ग्रंथाची साक्ष काढणे इष्ट ठरेल. चांगदेवपासष्टीच्या ६५ ओव्यांत भेटीची कल्पनाच ज्ञानदेव निकालात काढतात. भेटणारे दोघे मुळात एकच असतील तर भेट कोणाची कोणाशी होणार, अशी त्या युक्तिवादाची दिशा आहे. भेटावयास जावे तर असलेली भेट बिघडेल, एवढी धास्तीही तेथे व्यक्त होते. या भूमिकेवरून पाहता नामदेवांचा विरह हा भ्रमच ठरेल. परंतु ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात एक निराळा प्रसंग आहे, आणि तो गीतेतील मूळ श्लोकांत नाही, ज्ञानदेवांनी स्वतः रचला आहे. अर्जुनाला योगाचा बोध करता करता श्रीकृष्णाच्या मनात शंका येते. याचा अहंभाव गेला, हा माझ्याशी एकरूप झाला, तर मी एकट्याने काय करावे? डोळे निवावेत असे पाहावे कोणाकडे, मनातले बोलावे कोणापाशी, कडकडून मिठी मारावी कोणाला? या विचाराने तो अद्वैताचा पूर्ण उपदेश थोडा राखून ठेवतो. अद्वैताच्या आचार्याने देवाच्या तोंडी घातलेला हा कबुलीजबाब आहे. ऐक्य श्रेष्ठ खरे. पण सख्याला दोघे लागतात, आणि त्या दोनपणाचा लोभ देवालाही सुटत नाही.

आता समाधिप्रसंगाकडे पुन्हा पाहिले असता एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. आसनापुढे जो ग्रंथ ठेवला गेला त्याच ग्रंथात एकट्या उरणाऱ्या सख्याचे दुःख आधीच लिहिलेले होते. कृष्णाला जी भीती वाटली ती नामदेवांच्या बाबतीत खरी झाली. मित्र ऐक्याला गेला आणि बोलावे कोणापाशी, हा प्रश्न मागे उरला. नामदेवांनी ज्ञानदेवांचे तत्त्वज्ञान पुरते पचवले नाही, हे म्हणणे म्हणूनच अपुरे वाटते. त्यांनी त्यातील सहाव्या अध्यायाचे हे पान अधिक मनावर घेतले, एवढे म्हणता येईल. चांगदेवपासष्टी लिहिणारा आणि हे पान लिहिणारा ज्ञानदेव एकच आहे, याचा विसर निरूपणकारांना पडतो; नामदेवांना पडलेला दिसत नाही.

समाधिप्रकरण ज्ञानदेवांपाशी थांबत नाही. महिनाभरात मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीस सासवडला सोपानदेवांची समाधी झाली. पुढे तापीकाठी मुक्ताई विजेच्या लोळात अंतर्धान पावल्या. नंतर त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथ गेले. वर्ष पुरे होण्याच्या आत चारही भावंडे संपली. त्या प्रत्येक प्रसंगाचे अभंग गाथेत आहेत. काव्य म्हणून ते आळंदीच्या अभंगांच्या बरोबरीचे नाहीत, काही तर नुसती इतिवृत्ते वाटतात. पेंढीचा बंध सुटल्यावर काड्या उधळतात ही प्रतिमा मात्र त्या अभंगांत अक्षरशः घडताना दिसते.

त्यानंतर नामदेव सुमारे अर्धशतक जगले. त्यांच्या समाधीचे वर्ष शके १२७२ (इ. स. १३५०) मानले जाते. ज्ञानदेवांबरोबर ज्या उत्तरेकडे ते गेले होते तिकडेच ते पुन्हा गेले, पंजाबात गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांनी दीर्घकाळ वास्तव्य केले अशी परंपरा आहे. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे समाविष्ट आहेत, आणि २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच घुमानला भरले होते. मित्राच्या वियोगामुळे ते उत्तरेस गेले, असे विधान काही चरित्रकार करतात. त्याला गाथेबाहेरचा पुरावा नाही, आणि एवढ्या मोठ्या कार्याचे कारण एका दुःखात शोधणे हे त्या कार्यावर अन्याय करणारेही ठरेल. मात्र पूर्वी दोघांनी चाललेली दिशा नंतर एकट्याने धरली, एवढी वस्तुस्थिती परंपरेने जपली आहे. त्या वाटेवर त्यांनी पाहिलेला देव पंढरीच्या विटेपुरता राहिला नव्हता, हे त्यांच्या हिंदी पदांवरून स्पष्ट होते. हा बदल विसोबांच्या उपदेशाचे फळ म्हणून सांगितला जातो. त्यात आळंदीच्या शिळेचाही काही वाटा असेल काय, या प्रश्नाचा शोध मराठी अभंग आणि हिंदी पदे शेजारी ठेवून घेता येण्यासारखा आहे.

आळंदीस कार्तिक वद्य त्रयोदशीच्या दिवशी समाधीच्या अभंगांचे कीर्तन होते आणि ही सेवा नामदेवांच्या वंशपरंपरेतील नामदास घराण्याकडे आहे. भावंडांच्या दुःखाला आत जागा देऊन जो मित्र उंबऱ्यावर उभा राहिला, त्याच्या वंशजांनी सातशेहून अधिक वर्षांनंतरही तो प्रसंग सांगावा, असा मान परंपरेने ठरवून दिला आहे. जागा झाडली जाते, हात धरले जातात, तिथी उच्चारली जाते, शिळा लागते. श्रोत्यांच्या डोळ्यांना पाणी येते. मग घंटा वाजतात, समाधीवर फुले उधळली जातात, आणि मंडळी आपापल्या गावच्या वाटेला लागतात.